केतुंबार म्हणजे धने

३१ ऑगस्ट २०२२, बुधवार, गणेश चतुर्थी. द हेगमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात मी मोदकपात्राचं, म्हणजे खरं तर बांबूच्या चिनी करंडीचं, झाकण उचललं आणि आत मोदक नव्हते. सकाळपासून कळ्या पाडून पाडून वळलेले अकराच्या अकरा मोदक एकमेकांच्या गळ्यात पडून एक झाले होते. पांढरी, चकचकीत, थुलथुलीत अशी एकच चादर आणि तिच्यात सारणाची तपकिरी बेटं. चमच्याने एक कोपरा उचलून बघितला तर चादर हातभर लांब आली, पण तुटायचं नाव घेईना.

आई कुडाळहून व्हिडिओवर होती. मी फोन करंडीवर धरला. ती चष्मा पुसून जवळ आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मेल्या, ह्यां पीठ न्हय, हो गोंद आसा."

बाप्पाला त्या वर्षी श्रीखंडाचा नैवेद्य दाखवला. इथे प्रत्येक सुपरमार्केटात क्वार्क नावाचा डबा मिळतो. तो आपला चक्काच म्हणायचा, फक्त थोडा ढिला. रात्रभर फडक्यात टांगला, साखर आणि केशर घोटलं की कोणाला शंकाही येत नाही. पण मोदकाविना चतुर्थी हे काही मनातून जाईना. कचऱ्यात टाकलेलं पिठाचं पाकीट संध्याकाळी परत बाहेर काढलं आणि नीट वाचलं. थायलंडचं पीठ, ब्रँडचं नाव एरावण, वर तीन सोंडांचा हत्ती. एरावण म्हणजे आपला ऐरावत. पाकिटावर साक्षात हत्ती आहे तेव्हा बाप्पाला चालणारच, अशा हिशेबाने मी ते उचललं होतं. अक्षरं हिरवी होती. त्याच्या शेजारी फळीवर त्याच हत्तीचं लाल अक्षरांचं पाकीट होतं आणि मला वाटलं होतं की रंग फक्त सजावटीचा.

लाल म्हणजे साध्या तांदळाचं पीठ. हिरवं म्हणजे चिकट तांदळाचं, डच लोक ज्याला क्लेफरायस्ट म्हणतात त्याचं. तांदळाच्या पिठूळपणात दोन घटक असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. पहिला पारीला उभं धरतो, दुसरा चिकटवतो. या चिकट तांदळात पहिला जवळजवळ नसतोच. म्हणजे मी भिंती बांधल्या, पण विटा न घेता नुसत्या गिलाव्याने.

आता थोडं मागे जातो. बायकोला डेल्फ्टला नोकरी लागली म्हणून आम्ही जानेवारी २०२२ मध्ये इथे आलो. माझं काम पुण्याच्या कंपनीचं, घरून. भारताची घड्याळं उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे, त्यामुळे मी पहाटे अंधारात लॅपटॉप उघडतो आणि दुपारी दोनच्या सुमाराला मोकळा होतो. साहजिकच बाजारहाट आणि स्वयंपाक माझ्याकडे आला. तक्रार नाही. कुडाळच्या घरी मासळी आणायचं काम लहानपणापासून माझ्याकडेच होतं, आणि पिशवी घेऊन निघालं की मला बरं वाटतं.

पहिले दोन-तीन महिने दोनच ठिकाणं माहीत होती. एक घराजवळचं सुपरमार्केट, जिथे कोथिंबीर चिमूटभर, प्लॅस्टिकच्या डबीत, एखाद्या औषधासारखी मिळते. दुसरं भारतीय दुकान, ट्रामने वीस मिनिटांवर. तिथे तूरडाळ, पोहे, साबुदाणा, हिंग, लोणच्याच्या बरण्या, सगळं होतं. तरी मी दर वेळी थोडा हिरमुसून परत यायचो, आणि का ते कळायला वेळ लागला. ते दुकान पंजाबचं आणि गुजरातचं होतं, थोडं मद्रासचं. राजमा चार प्रकारचे, पण कुळीथ विचारला तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "वो क्या होता है?" आमसुलं नाहीत, तिरफळं नाहीत, सुकट नाही, हळदीची पानं तर सोडाच. भारतीय असणं आणि आमच्या घरचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला द हेगमध्ये कळलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच दुकानात तांदळाचं पीठ संपलं होतं, म्हणून मी समोरच्या टोकोत घुसलो आणि हत्तीने मला फसवलं.

टोको हा शब्द चिनी बोलीतून मलयमध्ये आणि तिथून डचमध्ये आलेला. अर्थ एवढाच, की दुकान. पण इथे टोको म्हटलं की आशियाई मालाचं दुकान, आणि त्यातही मुख्यतः इंडोनेशियन. इंडोनेशिया ही डचांची जुनी वसाहत. ती १९४९ मध्ये हातातून सुटल्यावर तिथले लाखो लोक, डच, अर्धे डच, मोलुक्का बेटांवरचे मोलुकन, बोटींनी इकडे आले आणि त्यातले कितीतरी द हेगमध्ये राहिले. या शहराला 'इंडीजची विधवा' असं एक टोपणनाव आहे. तेव्हा इथे जावाचं जेवण हे परदेशी मानलंच जात नाही. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या डच आजी शुक्रवारी टोकोतून नासी, म्हणजे भात, आणतात, सहजपणे, जसं आपण वडापाव आणतो.

मोदकांच्या दुःखातून सावरल्यावर मी ठरवलं की या टोकोतली प्रत्येक फळी एकदा नीट वाचून काढायची. पुढच्याच आठवड्यात दुपारी गेलो. दुकान अरुंद आणि लांब, आत शिरल्या शिरल्या सुक्या मासळीचा वास. बायको नाक मुरडते, मला मात्र वेंगुर्ल्याच्या बंदरावर उभं राहिल्यासारखं वाटलं. वासाचा उगम म्हणजे त्रासीच्या वड्या. बारीक कोळंबी आंबवून, वाळवून, दाबून केलेल्या. आपला जवळा असतो ना, जवळजवळ त्याच जातीची कोळंबी. शेजारी सुकी सोललेली कोळंबी, म्हणजे सरळ सोडे. दोन पाकिटं उचलली आणि मग मसाल्यांच्या फळीपाशी अडकलो.

बरण्यांवर डच चिकटपट्ट्या. नाव वाचता येत होतं, अर्थ लागत नव्हता. एका बरणीवर केतुंबार. मी ते दोनदा मोठ्याने म्हटलं. के-तुं-बार. बरणी उघडता येत नव्हती म्हणून नाकाला लावली, काही कळेना. उजेडाकडे धरून हलवली तर आत धन्याची पूड. संस्कृतातल्या कुस्तुंबरूची आपल्याकडे कोथिंबीर झाली, तिकडे समुद्रापलीकडे केतुंबार झालं. चुलत भावाला मुंबई सेंट्रलला अचानक गाठावं तसं झालं. मग एकेक बरणी पकडत गेलो. जिंतन म्हणजे जिरं. कुंजित म्हणजे हळद. जाहे म्हणजे आलं. आणि एक गंमत पुढे कळली. या पट्ट्यांवर 'ऊ' उच्चारासाठी डच पद्धतीने 'ओ' आणि 'ई' अशी दोन अक्षरं जोडून लिहितात. खुद्द इंडोनेशियाने ही पद्धत १९४७ मध्येच मोडीत काढली. तिथल्या मुलांना वाचताना अडखळायला होईल असं स्पेलिंग इथल्या बरण्यांवर अजून नांदतंय.

त्या फळीच्या टोकाला गुला जावा होता. गडद तपकिरी, एका बाजूने जरा निमुळते असे बुटके दंडगोल, केळीच्या खुंटासारखे. दुकानदारबाईंनी एक फोडून तुकडा हातावर ठेवला. तोंडात टाकला आणि मी आजोळी पोचलो. आजी पेडण्याची. तिच्याकडे पातोळ्यांना माडाचा गूळ लागायचा. माडाची गोड सूर आटवून केलेला, काळपट, किंचित धुरकट, उसाच्या गुळापेक्षा गोडीला कमी. तोच हा. माड जावाचा, एवढाच फरक. भारतीय दुकानात सोनेरी, भडक गोड गूळ मिळतो, त्यातली किलोभराची ढेप घरी पडून होती. ती नंतर चहात संपवली.

बाईंना मी फोनवर हळदीच्या पानाचा फोटो दाखवला. त्या जावाच्या, वय साठीच्या पुढे, इंग्रजी माझ्यापेक्षा कमी आणि डच माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त. फोटो बघून म्हणाल्या, "दाउन कुंजित," आणि मला शीतपेटीपाशी घेऊन गेल्या. तळाशी, केळीच्या पानांच्या आणि पांदानच्या जुड्यांच्या खाली, गोठलेली हळदीची पानं. सुमात्रात रेंदांग, म्हणजे मसाल्यात आटवलेलं मांस, शिजवताना त्यात हे पान गाठ मारून टाकतात, हे त्यांनी हातवाऱ्यांनी सांगितलं. मी पण हातवाऱ्यांनीच सांगितलं की आम्ही त्यावर पीठ थापतो, आत गूळखोबरं घालतो, पान दुमडतो आणि वाफवतो. त्यांनी मान एका बाजूला कलती केली. पटलं नसावं.

गोठलेल्या मालाबद्दल एक त्यांनीच शिकवलेलं सांगून ठेवतो. पाकिटाच्या आत बर्फाचे मोठे खडे दिसले की ते परत ठेवायचं. मधे कधीतरी सुटून पुन्हा गोठलेलं असतं. खवलेलं खोबरं घेताना तर पाकीट वाकवून बघावं. दाणे आत सुटे वाजले पाहिजेत, वीट लागली तर नको. आणि ताजा नारळ घ्यायचाच असेल तर कानाशी हलवून पाणी वाजतंय का बघणं पुरेसं नाही. इथे नारळ महिना महिना प्रवास करून येतो. त्याचे तीन डोळे अंगठ्याने दाबून बघावेत. ओलसर किंवा बुरशी लागलेले असतील तर आत खवट. मी चार नारळ फेकल्यावर हे शिकलो.

आमसुलांच्या बाबतीत मात्र हार मानली. टोकोत आसाम कांदिस नावाच्या काळपट, सुरकुतलेल्या फोडी मिळाल्या. दिसायला थेट आमसुलं, कुळही तेच, गार्सिनिया. मी आनंदाने घरी येऊन भिजत घातली, नारळाच्या दुधात पिळली, लसूण-मिरची ठेचून टाकली आणि सोलकढीची वाट बघत बसलो. चव आंबट होती, वाईट म्हणता येणार नाही. पण रंग गढूळ चहाचा. गुलाबी नसलेली सोलकढी प्यायला पाहुण्यांसमोर ठेवायची हिंमत होत नाही. बायकोने पेला उचलला, बघितला आणि विचारलं, "ही भांडी विसळलेली आहे का?" तेव्हापासून आमसुलं कुडाळहूनच येतात. कोणी येणारं असलं की अर्धा किलो. आसाम कांदिस मी माशाच्या आमटीत वापरतो, तिथे कोणी रंग बघत नाही.

माशाच्या आमटीवरून तिरफळं. बांगड्याच्या आमटीत ती नसली तर ती आमटी नुसती ओली राहते, तिला बोलता येत नाही. शोधत शोधत वागनस्ट्राटला गेलो. द हेगची चिनी वस्ती, रस्त्याच्या दोन्ही टोकांना लाल-सोनेरी कमानी. तिथल्या एका मोठ्या चिनी दुकानात सिचुआन मिरीचं पाकीट दिसलं. लालसर, तोंड उघडलेल्या टरफलासारखी फळं. तिरफळं सुकून फुटतात तशीच, फक्त आकाराने लहान. ही दोन्ही झाडं एकाच घराण्यातली. घरी येऊन चार टरफलं चेचून आमटीत टाकली. वास तिरफळाच्या बराच जवळचा, जरा संत्र्याच्या सालीकडे झुकलेला. जिभेला मुंग्या मात्र दुप्पट. आईच्या हिशेबाने आठ तिरफळं लागतात तिथे ही तीन-चारच टाकावीत, आणि आतलं काळं बी काढूनच, नाहीतर दाताखाली वाळू येते.

बांगड्याचीही एक फजिती आहे, ती सांगूनच टाकतो. इथे बांगड्याला मकरेल म्हणतात. आपला नव्हे, त्याचा अटलांटिक समुद्रातला मोठा, तेलकट नातेवाईक. पहिल्यांदा सुपरमार्केटातून सोनेरी कातडीचा सुंदर मासा आणला, तुकडे केले, आमटीत सोडला. शिजेना आणि मोडेनाही, आणि घरभर होळीचा वास. तो धुरावलेला होता. डच लोक तो तसाच पावावर घालून खातात. आता मी बाजारातून ताजा, डोळे चमकणारा घेतो आणि विक्रेत्याला मान दाखवून 'नको' आणि पोट दाखवून 'साफ कर' असं खुणावतो. डोकं मी मागून घेतो. ते बघून तो दर वेळी हसतो.

हा बाजार म्हणजे हागसे मार्क्त. उघड्यावरचा, शेकडो गाळ्यांचा, युरोपातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. आताच्या जागी १९३८ पासून आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार असे चार दिवस भरतो. इथे भाजी किलोवर कमी आणि वाडग्यावर जास्त विकतात. स्टीलच्या किंवा प्लॅस्टिकच्या वाडग्यात टोमॅटो, मिरच्या, लिंबं रचलेली असतात आणि विक्रेता बोंबलत असतो, एक युरो, एक युरो! दुपारी चारनंतर त्याच एका युरोला दोन वाडगी होतात. पण तोपर्यंत पालेभाजी मान टाकते. मिरची आणि आलं उशिरा घ्यावं, पालेभाजी लवकर. हा माझा नियम. आमच्या ओळखीतल्या एक काकू बरोबर उलट करतात आणि त्यांचंही बरं चाललंय.

या बाजारात सुरिनामी गाळे आहेत, आणि माझी खरी शाळा तिथे भरली. १८७३ साली लल्ला रूख नावाचं जहाज कलकत्त्याहून निघून ५ जूनला दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला, या दुसऱ्या डच वसाहतीत, पोचलं. त्यात उसाच्या मळ्यांसाठी करारावर नेलेले मजूर होते. १९१६ पर्यंत असे चौतीस हजारांवर लोक गेले, बहुतेक सगळे भोजपुरी-अवधी मुलखातले. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं आणि त्याच्या आगेमागे त्यांची नातवंडं-पतवंडं मोठ्या संख्येने नेदरलँड्सला आली. त्यांची सर्वांत मोठी वस्ती द हेगमध्ये आहे. बाजाराजवळच्या पाउल क्रुगरलानवर चालत गेलात तर साड्या, बांगड्या, देवांच्या तसबिरी आणि गरम रोटीचा वास, हे सगळं भारतातून निघून दीडशे वर्षांचा वळसा घालून आलेलं.

मी ज्या गाळ्यावर जातो तिथल्या बाई पासष्टीच्या असतील. मी त्यांना मावशी म्हणतो, त्या मला बेटा म्हणतात. त्या सरनामी, म्हणजे सुरिनामची हिंदी, बोलतात, मी मोडकं हिंदी, आकडे दोघांचेही डचमध्ये. पहिल्या दिवशी मी फोनचं भाषांतर काढून पाट्या वाचत होतो. एका पाटीवर कौसनबांड. फोन म्हणाला, मोजे घट्ट धरायची पट्टी. समोर हातभर लांब चवळीच्या शेंगा. दुसऱ्या पाटीवर क्लारून. फोन म्हणाला, तुतारी. समोर माठाच्या जुड्या, हिरव्यागार, देठ कोवळे. मावशींनी माझ्या हातातला फोन अलगद खाली केला आणि म्हणाल्या, "तरकारी हाथ से देखो।"

तेव्हापासून फोन खिशात. सोप्रोपो म्हणजे कारलं, ओकर म्हणजे भेंडी. बुलांजे म्हणजे वांगं. आणि तायरब्लाड म्हणजे अळूसारखं मोठं, बाणाच्या टोकाचं पान. अळू नव्हे, अळूच्याच गोतातलं, पण घशाला खाज सुटायची भीती तीच. मावशींनी बजावलं की पुष्कळ शिजव. मी चिंच घालून पुष्कळ शिजवतो, दोन्हीकडून सुरक्षित.

आता २०२३ ची चतुर्थी. तारीख १९ सप्टेंबर, मंगळवार. मागच्या वर्षीची चादर डोळ्यांसमोर होती, त्यामुळे मी तयारी ऑगस्टच्या सुरुवातीलाच घेतली. लाल हत्तीची दोन पाकिटं आणून तीन वेळा रंगीत तालीम केली. थाई पीठ तांदूळ भिजवून, ओला दळून आणि मग वाळवून केलेलं असतं. त्यामुळे आई तांदूळ धुवून, सावलीत वाळवून गिरणीतून आणते त्या पिठापेक्षाही ते मऊ. भारतीय दुकानातलं पीठ सुकं दळलेलं, भाकरीला ठीक, पण पारीला चिरा पडतात. लाल हत्तीची उकड पहिल्याच तालमीत जमली. कळ्या पातळ आल्या, पण वाफेनंतर टोकं जरा कडक वाटली. आईला सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या आजीकडे आंबेमोहोर असायचा, त्याला अंगचाच चिकटपणा. मग मला हिरव्या हत्तीची आठवण झाली. दुसऱ्या तालमीला दोन वाट्या लाल पिठात एक सपाट चमचा हिरवं मिसळलं. तिसऱ्याला दोन चमचे मिसळून बघितले, तर मोदक बसायला लागले. एकच चमचा. पाणी पिठाइतकंच, त्यात मीठ आणि तुपाचा थेंब. गॅस बंद करून झाकण, दहा मिनिटं हात लावायचा नाही.

आदल्या दिवशी सोमवार, म्हणजे बाजाराचा दिवस. काम आटपून निघालो. माटवीसाठी, म्हणजे बाप्पाच्या डोक्यावर फळंभाज्या बांधून टांगतात त्या लाकडी चौकटीसाठी, लांब कौसनबांड, दोन सोप्रोपो, कणसं, केळीचा घड, आंब्याचे टाळे मिळणार नव्हते म्हणून जांभासारखं दिसणारं काहीतरी पान. घरी कपडे वाळत घालायची लाकडी घडवंची आडवी टांगून ती माटवी केली. आईला दाखवली तर ती हसली, पण मग म्हणाली, "कारलां मदी बांध, कडेक नको." टोकोत जाऊन गुला जावा, गोठलेलं खोबरं आणि हळदीची पानं आणली. पानं विरघळली की लुळी पडतात, रंगही काळवंडतो, आणि हातात घेतल्यावर वास असा काही येत नाही. मला वाटलं, वाया गेली. चाळणीत तळाला अंथरली, वर मोदक ठेवले, झाकण लावलं.

सात-आठ मिनिटांनी वाफ सुटली आणि तिच्यातून वास आला. आधी खोबरं, मग गूळ, आणि मागून तो. आलं, कापूर आणि ओली माती यांच्या मधला कुठला तरी. बायको बाहेरच्या खोलीतून उठून आत आली आणि काही न बोलता ओट्याशी उभी राहिली. ती नागपूरची. तिच्या घरी हळदीची पानं वापरत नाहीत, त्यामुळे हा वास तिच्या आठवणीतला नाही. तरी उभी राहिली. झाकण उचललं. अकरा मोदक, अकराच. एकाचं नाक वाकडं होतं, तो मी माझ्या ताटासाठी बाजूला काढला.

बुधवारी ऋषिपंचमी. आमच्याकडे ऋषीची भाजी होते, त्यात बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. परसातलं, वेलीवरचं, आपोआप उगवलेलं घ्यायचं. द हेगमध्ये बैल शोधून सापडायचा नाही, पण आईने भाज्यांची यादी धाडली होती, माठ, अळू, भेंडी, चवळी, शिराळी, मका, सुरण. सुरण सोडून सगळं मिळालं. शिराळी वागनस्ट्राटला चिनी दुकानात, मका सुपरमार्केटात, आणि बाकीचं सगळं मावशींच्या एका गाळ्यावर. सकाळीच अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. डब्यात दोन मोदक घेतले होते.

मावशींनी डबा उघडला, मोदक बोटांनी उलटापालटा केला, कळ्या मोजल्यासारख्या बघितल्या. विचारलं, आत काय? मी म्हटलं, नारियल और गुड़. त्यांनी अर्धा तोडून तोंडात टाकला. मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्या शांतपणे चावत राहिल्या, उरलेला अर्धाही खाल्ला, बोटं पदराला पुसतात तशी ॲप्रनला पुसली.

"गुड़ कम है," त्या म्हणाल्या.

मग क्लारूनच्या दोन जुड्या आणि तायरब्लाडची एक पिशवीत कोंबली, भेंडी काट्यावर टाकली, पैसे पुरेपूर घेतले आणि मागच्या बाईला विचारलं, काय देऊ? दुसरा मोदक त्यांनी डब्यातून काढून गल्ल्याशेजारी कागदात गुंडाळून ठेवला होता. डबा मला परत दिला.